घाम निवेपर्यंत

४ मार्च, सोमवार

आज दुकानात परत गेलो. मालक म्हणाले होते, मास्तर, सावकाश या, कोणी मागे लागलेलं नाही. पण घरात बसून भिंती तरी किती बघणार. टिल्लूला जाऊन दीड महिना झाला. साधा ताप म्हणून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं आणि आठवडाही पुरा झाला नाही. चोवीस वर्षांचा मुलगा. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून टिल्लू म्हणायला लागलो, आणि वाढला तो दाराच्या चौकटीला डोकं टेकेपर्यंत. नाव तेच राहिलं.

यापुढे त्याच्याबद्दल लिहिणार नाही. वहीत आपलं कामाचं लिहावं.

इतकी वर्षं शेजारचे आप्पा मला स्कूटरवर मागे बसवून नेतात. त्यांचं ऑफिस आमच्या पुढच्याच चौकात. माणूस सोन्यासारखा, पण आज घरापासून दुकानापर्यंत त्यांनी मला आयुष्याचा अर्थ समजावून सांगितला. सिग्नल लागला की मान मागे वळवून सांगायचे. त्यांची दोन्ही मुलं चांगली धडधाकट आहेत. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकून होतो, स्कूटरवरून आज पाहिलं. उतरताना म्हणाले, "मन घट्ट करा." करतो म्हटलं. उद्या पुन्हा हे ऐकायची माझी तयारी नाही.

टिल्लूची सायकल जिन्याखाली उभी आहे.

५ मार्च

सायकल काढली. हिला सांगितलं तेव्हा हिने मान हलवली. खुंटीवरचं हेल्मेट काढायला हात वर केला, तेव्हा मात्र म्हणाली, "सायकल न्या. ते राहू दे. दुसरं आणा हवं तर."

"घरात असताना दुसरं कशाला? आणि बिनहेल्मेटचा गेलो आणि डोकं आपटलं म्हणजे?"

त्यावर तिने स्वतःच ते काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. पट्टा माझ्या हनुवटीच्या बेताचा करून दिला. एवढ्याशा पट्ट्याला बराच वेळ लावला तिने.

सीट मला फार उंच आहे. खाली करायला पाना हातात घेतला आणि परत ठेवून दिला. चवड्यांवर पायडल मारत गेलो. शेवटच्या चढावर उतरून सायकल ढकलली. दुकानात शिरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि कानामागून धारा लागल्या होत्या.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे खपलं असतं. मी सुटाच्या दुकानात माप घेतो. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप फिरवायची म्हणजे जवळजवळ मिठीच मारायची असते. कोटाची बेतलेली बाही दोन दिवसांनी विसरतात लोक, पण माप घेणाऱ्याच्या काखेचा वास जन्मभर विसरत नाहीत. माझ्या उमेदवारीत उस्तादांनी मला टेप हातात द्यायच्या आधी साबणाची वडी दिली होती.

आज सगळ्यांच्या लक्षात आलं असणार. आमचा कापड कापणारा कटर समोरून आला, मला बघितलं आणि शेजारच्या कपाटात काहीतरी शोधायला लागला. त्या कपाटात नुसती अस्तरं असतात, आणि त्याला अस्तर नको होतं. इस्त्रीवाल्या बाई माझ्याजवळ आल्या, "मास्तर" एवढंच म्हणाल्या आणि नाकाला रुमाल लावून आत गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मार्च

दाराच्या मागे टिल्लूची पाठीवरची बॅग तशीच लटकते आहे. आज उघडली. लहान टॉवेल, साबणाची डबी, कंगवा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळी करून ठेवलेला इस्त्रीचा शर्ट. घडी घातली तर चुरगळतो, गुंडाळला तर नाही, असं तो मला सांगायचा. मला, म्हणजे चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला.

तो प्रवासाच्या तिकिटांच्या ऑफिसात अगदी दर्शनी टेबलावर बसायचा आणि सायकलने जायचा. मी त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, घामाघूम होऊन तिकिटं विकणार, लोक पायी जाणं पसंत करतील. तो हसायचा. "बाबा, ताजा घाम कधी वास मारत नाही. शिळा मारतो." मग त्याची पद्धत सांगायचा. पोचल्या पोचल्या शर्ट बदलायचा नाही. तो पहिला मूर्खपणा. आधी सावलीत उभं राहायचं, घाम निवू द्यायचा. मग ओल्या टॉवेलने पुसायचं, मग कोरड्याने, मग शर्ट. घाई केली की दुसरा शर्टही पहिल्याच्याच वाटेने जातो.

तेव्हा अर्ध्या कानाने ऐकलं होतं. आज करून पाहिलं. दुकानामागच्या बोळात सायकल लावली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. नुसतं उभं राहणं सगळ्यात अवघड आहे. सायकल चालवताना डोकं रिकामं असतं, थांबलं की भरतं.

११ मार्च

आता सगळं शिस्तीत आहे. ऊन चढायच्या आत निघतो. काखेत तुरटी फिरवतो. कांदा बंद केला. दुपारी पुन्हा एकदा तोंड धुतो आणि शर्ट बदलतो. गुंडाळीचा शर्ट खरंच चुरगळत नाही.

घरी परत आलो की ही दारातच उभी असते. आधी हेल्मेटसाठी हात पुढे करते, मग पाणी देते. "द्या, मी ठेवते." आणि आत नेऊन आपल्या कपाटात ठेवते, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून. मी म्हटलं, "अगं, घामाची वस्तू अशी कोंडून ठेवतात का? गॅलरीत उन्हात टाक."

"उन्हात नको."

"वास मारेल."

"मारू दे."

टिल्लू गेल्यापासून हिचं काही समजत नाही. तेव्हा आलेल्या बायकांनी मदत म्हणून सगळं घर धुऊन काढलं. टिल्लूचे कपडे, चादरी, उशीचे अभ्रे, सगळं. मला बरं वाटलं होतं, चार माणसं धावून आली म्हणून. ही मात्र दोरीवरचे कपडे बघून त्यांच्यावर ओरडली. जन्मात कुणाला अरे म्हणाली नव्हती. त्यांना किती वाईट वाटलं असेल.

१४ मार्च

माझी जागा जाणार, अशी चिन्हं आहेत. आज दोन तरुण मुलं कोट शिवायला आली, बाजूला दोन वयस्क गिऱ्हाइकं बसली होती. मी टेप घेऊन पुढे झालो तर मालक काउंटरवरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्या वडीलधाऱ्यांना कापड दाखवा. पोरांचं माप कटर घेईल." कटरला माप घेता येतं, पण त्याच्या टेपेला पाठीचा बाक कळत नाही. तरी त्याला बोलावलं. मंगळवारीही असंच झालं होतं.

म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची नाकं अधू असतात, म्हणून मला म्हातारे. न समजण्यासारखं त्यात काही नाही. मालकांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. तरी फार लागलं मनाला. टेप नसेल तर त्या दुकानात मी कोण? आणि दुकान नसेल तर दिवसभर घरात आम्ही दोघं समोरासमोर बसून काय करणार?

शेवटी लाज सोडून इस्त्रीवाल्या बाईंना विचारलं, "बाई, खरं सांगा, मला वास येतो का?"

त्या इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिल्या. "येतो ना," म्हणाल्या. "साबणाचा. नुसता साबणाचा येतो, मास्तर. किती धुता स्वतःला?"

चांगल्या बाई आहेत. तोंडावर खरं बोलणार नाहीत.

१९ मार्च

आज फजिती झाली. कटर जेवायला गेला होता, मालक फोनवर होते, आणि एक मुलगा आला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं, त्यासाठी कोट हवा होता. मी माप घेतलं. उंच मुलगा, खांदे जरा पुढे आलेले. उंच मुलांचे येतात, लहानपणापासून सगळ्यांशी वाकून बोलावं लागतं म्हणून. मी टिल्लूला ताठ उभा राहा, ताठ उभा राहा म्हणून ओरडायचो. या मुलालाही तसंच म्हणालो वाटतं, कारण तो एकदम सरळ झाला.

खांदा, पाठ, बाही. बाही मोजता मोजता माझा घाम सुरू झाला. दुकानात पंखे चालू, येऊन चार तास झालेले, आणि तोंडावरून धारा. टेपेवरचे आकडे दिसेनात. मुलगा म्हणाला, "काका, बरं आहे ना? बसा जरा." मी म्हटलं, "काही नाही, सायकलने येतो, घाम आहे." तसंच माप पुरं केलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. तेवढ्यात मालक आले. माझ्या हातातून टेप घेतली आणि म्हणाले, "मास्तर, आत बसा. चहा सांगतो."

आत बसून विचार केला. अंग स्वच्छ, शर्ट स्वच्छ, तुरटी लावलेली. मग हा घाम, हा वास आणतं कोण? आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी रोज न धुतलेली एकच वस्तू अंगावर चढवतो. हेल्मेट. आतल्या गाद्यांत किती दिवसांचा शिळा घाम मुरलेला असेल. रोज सकाळी धुतलेल्या डोक्यावर तो परत चढतो. चोर सापडला.

२४ मार्च, रविवार

ही सकाळी बहिणीकडे गेली. टिल्लू गेल्यापासून पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली, म्हणून बरं वाटलं. तेवढ्यात मी काम उरकलं.

तिच्या कपाटातून हेल्मेट काढलं. पिशवीच्या आत आणखी तिच्या मऊ ओढणीत गुंडाळलेलं होतं. म्हणजे ती ओढणीही गेली कामातून, तीही भिजवली. आतल्या गाद्या चिकटवलेल्या असतात, त्या एकेक अलगद सोडवल्या. गरम पाण्यात साबणाचा चुरा टाकला, वर तुरटी फिरवली. नाकाशी न नेताच सगळं बादलीत बुडवलं. पाणी काळं झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं. पाणी नितळ निघेपर्यंत धुतलं. पट्टासुद्धा दात घासायच्या जुन्या ब्रशने घासला. मग गॅलरीत कडक उन्हात वाळवलं आणि गाद्या जागच्या जागी बसवल्या. नवं कोरं दिसतंय. कित्येक दिवसांनी एक काम मनासारखं झालं.

ही आली, तेव्हा मी कौतुकाने टेबलावरच ठेवलं होतं. तिने बघितलं. दोन्ही हातांनी उचललं, तोंडाजवळ नेलं. उलटं केलं, परत नेलं.

"धुतलंत?"

"धुतलं. पाणी बघायला हवं होतंस, नुसतं काळं."

ही न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाजत होतं. मी बाहेरून म्हटलं, "अगं, सगळं धुऊन झालंय, तू काय धुतेस?" रात्री जेवली नाही. बहिणीकडे काहीतरी बोलाचाली झाली असावी.

२७ मार्च

ही दारात येत नाही. हेल्मेट मी स्वतःच खुंटीला लावतो. तिच्या कपाटात जायचं कारण उरलं नाही, आता ते स्वच्छ आहे. पाणी टेबलावर झाकून ठेवलेलं असतं. विचारलं, काही चुकलं का माझं? म्हणाली, "नाही. तुम्ही चांगलंच केलंत."

बहिणीचं काही नाही म्हणे.

३० मार्च

आज तो मुलगा कोटाच्या ट्रायलला आला. कोट घालून आरशासमोर उभा राहिला आणि मी बघतच राहिलो. बाह्या बोटांपर्यंत, खांदे दोन्हीकडून उतरलेले. बापाचा कोट घातल्यासारखा दिसत होता बिचारा. इतक्या वर्षांत माझं माप असं कधी चुकलं नाही. मी म्हटलं, कापताना गफलत झाली. कटर चिठ्ठी घेऊन आला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "मास्तर, हे माप मी आधी एकदा कापलंय."

मला कळेना.

"दोन वर्षांपूर्वी. टिल्लूच्या नोकरीचा कोट."

चिठ्ठी बघितली. अक्षर माझं. टेप मी त्या मुलाच्या अंगावर धरली होती आणि आकडे टिल्लूचे लिहिले होते. तो मुलगा टिल्लूएवढा उंचही नाही. मला त्या दिवशी तसा दिसला होता.

मालकांनी मुलाची माफी मागितली, कोट बेतून देऊ म्हणून सांगितलं आणि मला आत नेलं. आता हिशेब करून निरोप देणार, असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "चूक माझी. पोरांची मापं तुम्हाला द्यायची नाहीत असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी फोनवर लक्ष राहिलं नाही."

"का पण?"

"का काय विचारता, मास्तर? सगळी त्याच्याच वयाची येतात. त्यांच्या खांद्यांवर टेप ठेवायला तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मला वाटलं, मला वास येतो. सायकलने येतो, घामाचा. म्हणून सगळे तोंड फिरवतात."

दारात उभा असलेला कटर बोलला. "तुमच्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं, मास्तर. दुसरं काही नाही." माझ्या हाताखाली शिकलेला माणूस, रडायला लागला. मग मीही रडलो. तो घाम नव्हता, हे मला कळत होतं, आणि एकोणीस तारखेलाही नव्हता.

घरी येताना सायकल हलकी चालली. हिला कधी सांगतो असं झालं होतं. जिना चढून आत गेलो आणि चपला काढायच्या आधीच सांगितलं, "ऐकलंस का, वास मुळी नव्हताच. माझ्याच डोक्यातलं खूळ. हेल्मेट उगाच धुतलं."

ही खिडकीपाशी बसली होती. "होता वास," म्हणाली.

"कशाला?"

"हेल्मेटला. वरवर तुमचा होता. पण मागच्या बाजूला, आत, टिल्लूचा होता. तुम्ही अंघोळीला गेलात की मी बघायची. रोज थोडा कमी व्हायचा. पण होता. बाकी सगळं तर त्या बायकांनी तेव्हाच धुतलं."

मी उभाच राहिलो. मग म्हटलं, "मला सांगायचंस ना. का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उघड्या डोक्याने गेला असतात."

गेलो असतो हे खरं. तिने रोज सकाळी स्वतःच्या हाताने ते माझ्या डोक्यावर ठेवलं, संध्याकाळी त्यात मुलगा किती उरलाय ते बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवलं. मी चोर पकडल्याच्या थाटात बादली भरली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. मला माझ्या हातांची किळस आली. ही उठली, मला पाणी दिलं, आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं." ती हे म्हणाली नसती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल

सुट्टी घेऊन घरभर शोधलं. त्याची बॅग झाडली. टॉवेल मीच रोज वापरून रोज धुतलेला. त्याचा गुंडाळलेला शर्ट पहिल्याच आठवड्यात मी घातला आणि धोब्याला दिला. बुटांत मी पावडर भरून ठेवली होती. हिवाळी टोपी, मोजे, पांघरूण, सगळं स्वच्छ. पलंगाखाली वाकून बघत होतो तेव्हा ही म्हणाली, "नका शोधू. मी सगळं बघून झालंय."

"आता मी सायकल नेत नाही," मी म्हटलं. "आप्पांच्या मागे बसेन. बोलू दे त्यांना काय बोलायचं ते."

"न्या सायकल," ही म्हणाली. "जिन्याखाली नुसती उभी असली की मला जिना उतरवत नाही."

मग ती माझ्याबरोबर खाली आली. पाना तिनेच घेतला आणि म्हणाली, "ती सीट आधी खाली करा. चवड्यांवर चालवता, खिडकीतून बघते मी. एक दिवस पडाल." माझ्याने नट फिरवेना. तिने जोर लावून फिरवला, मी सीट दाबून खाली केली. दांड्यावर जिथे आधी सीट होती, तिथे एक फिकट रेघ राहिली आहे. ती तिने पुसली नाही, मीही नाही.

९ एप्रिल

ऊन फार वाढलंय. चढावर आता उतरावं लागत नाही, पाय पुरतात. बोळात भिंतीला टेकून घाम निवेपर्यंत उभा राहतो. हल्ली कटर चहा घेऊन तिथेच येतो. कधी टिल्लूचं काही आठवून सांगतो, कधी नुसता उभा राहतो. मालकांनी आज एका मुलाचं माप मला घेऊ दिलं. आकडे मी मोठ्याने म्हणालो आणि कटरने लिहिले. बरोबर आले.

ही पुन्हा दारात असते. हेल्मेट घेते, बॅगही घेते.

आज एक गोष्ट झाली. सकाळी घालून जातो तो निळा शर्ट कालपासून सापडेना. धुवायच्या बादलीत नाही, दोरीवर नाही. धोब्याचे कपडे आले होते, ते ठेवायला हिचं कपाट उघडलं. हेल्मेट असायचं त्या कप्प्यात शर्ट होता. घामाचा, न धुतलेला, पिशवीत घालून वर गाठ मारलेला. मला आधी वाटलं, चुकून राहिला. पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

"अगं, हा धुवायचा राहिला. वास येईल कपाटाला."

तिने मागे वळून बघितलंही नाही. "राहू दे तो."

"अगं, पण घामाचा आहे."

"तुम्हाला आहेत ना दुसरे शर्ट?"

मी पिशवी होती तिथे परत ठेवली. गाठ जरा सैल झाली होती, ती घट्ट केली.